पावती नंबर एक

एक दिवस सोडला, तर शांतवन मास्तरांना आमच्या घरी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. नगरला नालेगावात आमच्या समोरच्या खोलीत ते एकटेच राहायचे. दिवसातून दोनदा तरी आमच्या दारात यायचे, चहा घ्यायचे, पण उभ्यानं. कपबशी हातात, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, आणि नजर रस्त्यावर.

"बसा की मास्तर," मी म्हणायची.

"बसलो की राहून जातं, वहिनी," ते म्हणायचे आणि उरलेला चहा एका घोटात संपवून निघायचे.

काय राहून जातं ते कधी सांगत नसत. मला राग यायचा. दारात उभा माणूस चहा पितोय म्हटल्यावर घरातल्या बाईलाही उभंच राहावं लागतं, हे पुरुषांच्या लक्षात येत नाही. माझ्या चुलीवरचं कितीदा तरी करपलं त्यांच्यापायी.

ते नावाचेच मास्तर राहिले होते. शाळा सोडून बरीच वर्षं झाली होती. आता त्यांचा उद्योग एकच. कुणी नवं दुकान काढतोय, गिरणी टाकतोय, खानावळ उघडतोय असं कानावर आलं, की हे न बोलावता तिथं हजर. "परवाना काढला का? मापांवर सरकारी शिक्का मारून आणलात का? जागा कुणाच्या नावावर? भागीदार कोण, आणि कागद कुठाय?" समोरचा माणूस नारळ कुठून आणायचा या विवंचनेत असायचा आणि मास्तर त्याला स्टॅम्प पेपरचं विचारायचे. लोक वैतागायचे. काही जण त्यांना लांबून येताना पाहून फळी ओढून घ्यायचे. पण ज्यांनी ऐकलं, त्यांच्या दुकानांना कधी कुलूप लागलं नाही, हेही खरं.

त्यांचा काळा कोट ही एक फिरती कचेरीच होती. डाव्या खिशात नगरपालिकेचे अर्ज, उजव्या खिशात कलेक्टर कचेरीचे, आतल्या खिशात स्टॅम्प पेपर. दुसरी मोठी लढाई संपली, वर्षभरात विक्रीकर नावाचं नवंच प्रकरण आलं आणि मास्तरांची पंचाईत झाली, कारण कोटाला चौथा खिसा नव्हता. मग विक्रीकराचे कागद त्यांनी छत्रीच्या घडीत ठेवायला सुरुवात केली. पाऊस आला की मास्तर भिजत जायचे, पण छत्री उघडायचे नाहीत.

या विक्रीकरानं तेव्हा गावात नुसती घबराट उडवून दिली होती. आमच्या गल्लीत चंद्राबाई पापड-कुरडया करून विकायच्या. त्यांना कुणीतरी सांगितलं, आता सरकार पापडामागं पैसा घेणार. बाईंनी वाळत घातलेले पापड ओलेच उचलले आणि खाटेखाली ढकलले. दुसऱ्या दिवशी त्यांना बुरशी आली आणि बाई रडत बसल्या. मास्तरांना कळलं तसे ते थेट आत गेले, म्हणाले, "चला उठा. साहेबाला विचारू."

"मी न्हाई बाई. तुमीच इचारा."

"मी येतो बरोबर. पण बोलायचं तुम्ही. धंदा तुमचा आहे."

हा त्यांचा नियमच होता. एकट्याला कुणाला कचेरीत पाठवायचे नाहीत, आणि तिथं गेल्यावर स्वतः तोंड उघडायचे नाहीत. माणूस चाचरला, चुकला, घामाघूम झाला, तरी मास्तर आपले भिंतीला टेकून उभे. चंद्राबाईंनी तिकडं काय केलं ते बाईंनीच मला पुढं दहा वेळा सांगितलं असेल. साहेबानं विचारलं, वर्षाकाठी किती विकता? बाई म्हणाल्या, ठाऊक न्हाई. साहेब म्हणाला, वही दाखवा. बाई म्हणाल्या, "वही न्हाई सायेब, भित हाय." कारण लिहिता येत नसल्यानं शंभर पापड गेले की चुलीजवळच्या भिंतीवर त्या कोळशाची एक रेघ ओढायच्या. साहेब हसला. पण माणूस बरा होता. शिपायाला पाठवून त्यानं रेघा मोजून आणवल्या आणि सांगितलं, तुमचा धंदा लहान आहे, तुम्हाला हा कर लागू नाही, जा घरी.

परत येताना मास्तर त्यांना म्हणाले, "भिंत सारवू नका बरं. आपण लहान आहोत हे सांगायलासुद्धा पुरावा लागतो." चंद्राबाईंनी ती भिंत पुढं कितीतरी दिवाळ्यांना सारवली नाही. सुनेनं एकदा हात लावला तर तिला फोडून काढायच्या बेतात होत्या.

या सगळ्याचे मास्तर पैसे घेत नसत. त्यांची फी वेगळीच होती. दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक ते असायचे आणि पावती मागायचे. रीतसर, पावती पुस्तकातली, नंबर एकची. अशा पावत्या त्यांनी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जमवल्या होत्या. पावतीसाठी जे असेल ते विकत घ्यायचे. टक्कल पडलेलं असताना केशकर्तनालयात केस कापून घेतले. घोड्याचा नाल घेतला, घोडा नव्हता. एकदा डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन आले आणि मला म्हणाले, "घ्या वहिनी, आमच्यात कुणी घालायला नाही." मी त्या घातल्या. मापाला जरा घट्ट होत्या.

आता आमची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मास्तर कळायचे नाहीत.

माझ्या यजमानांचं नाव दत्तात्रय. त्या काळी आम्ही नाव घेत नसू, लिहितानाही हात अडतो, म्हणून 'हे' म्हणते. हे लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तिथंच ह्यांची रभाजीशी दोस्ती झाली. रभाजी पारनेरकडचा, चार वर्षं लष्करात मोटारी धुवून गावी शेतीवर परतलेला, उंच, जाड आवाजाचा आणि मनानं अगदी निर्मळ माणूस. दोघांनी ठरवलं, नगरात भाड्याच्या सायकलींचं आणि दुरुस्तीचं दुकान काढायचं. ह्यांनी नोकरी सोडली. रभाजीनं बैलांची जोडी विकली आणि जुन्या आठ सायकली आल्या. माळीवाड्यात गाळा मिळाला. चंपाषष्ठीला दुकान उघडायचं, कारण रभाजी खंडोबाचा भक्त.

सायकलींच्या टायरांची मात्र पार चाळण झाली होती, आणि टायर-ट्यूब तेव्हा कंट्रोलमध्ये. पुरवठा कचेरीचं परमिट असल्याशिवाय बाजारात मिळायच्या नाहीत. परमिट नाही तर टायर नाही, टायर नाही तर दुकान नाही, आणि मागं फिरावं तर नोकरी गेलेली, बैल गेलेले. त्या दिवसांत आमच्या घरात कुणी धड जेवत नव्हतं. हे रात्रंदिवस नुसते हवा भरायचा पंप पुसत बसायचे.

पुरवठा कचेरीतला कारकून म्हणाला, "भागीदारी असेल तर फर्म नोंदवलेली पाहिजे, मुंबईहून त्याचा दाखला पाहिजे. नाहीतर सरळ एकाच्या नावावर अर्ज करा, आठ दिवसांत काम होईल."

हे घरी आले ते हसतच. रभाजी बरोबर होता. तो म्हणाला, "मंग करा की तुमच्या नावावर, दत्तोबा. त्यात काय इचारायचं?"

मास्तर दारात उभे होते, चहाची बशी हातात. त्यांनी ती खाली ठेवली. "आणि रभाजीचं नाव कुठं येणार?"

"नाव कशाला पायजे मास्तर?" रभाजी म्हणाला. "आमी दोघांनी कोरठणच्या खंडोबापुढं बेल-भंडारा उचललाय. अर्धं त्याचं, अर्धं माजं, आन् त्यातला एक आणा देवाचा. खंडोबा आमचा तिसरा भागीदार हाय. त्येच्यापुढं तुमच्या कागदाची काय किंमत?"

"भागीदारीचा लेख करा. नोंदणीचा अर्ज करा. दोघांनी सही करा. मी लिहून देतो, आत्ता."

रभाजीचा चेहरा उतरला. तो ह्यांच्याकडं वळून म्हणाला, "दत्तोबा, तुमाला माजा भरवसा न्हाई व्हय?"

झालं. ह्यांची मान खाली गेली. भंडारा उचललेल्या माणसाकडं सही मागायची म्हणजे देवावरच संशय घेतल्यासारखं. हे म्हणाले, "राहू द्या मास्तर. आमच्यात कागदाची गरज नाही." रभाजी उठला आणि गावच्या मोटारीला गेला.

मी तेव्हा काय विचार करत होते तेही सांगून टाकते. मला बरं वाटलं. परमिट ह्यांच्या नावावर, गाळा ह्यांच्या नावावर. उद्या काही झालं तर निदान आपलं आपल्याकडं राहील, असं माझ्या मनात आलं. रभाजी मला वहिनी म्हणायचा, गावाहून येताना शेंगा आणायचा, आणि मी हा विचार केला. आजही आठवलं की लाज वाटते.

पुढचे तीन दिवस मास्तरांनी आम्हाला जगू दिलं नाही. सकाळी सात वाजता दारात. "अर्ज दिला का?" "नाही अजून." "देऊ नका." दहा वाजता पुन्हा. दुपारी मी भांडी घासत असताना मागच्या दारानं. "रभाजी कधी येणार?" संध्याकाळी गल्लीतून त्यांच्या येरझाऱ्या चालू, छत्रीचं टोक फरशीवर आपटत. टक् टक् टक्. माझं त्या आवाजानं डोकं उठायचं. शेवटी तिसऱ्या दिवशी हे भडकले. "मास्तर, दुकान तुमचं आहे का आमचं? तुमचा काय संबंध?"

मास्तर मागं वळले. छत्री बगलेत मारून निघून गेले. त्या दिवशी चहालाही आले नाहीत आणि मला घर कसंसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या मोटारीनं रभाजी आला. अर्ज द्यायला दोघं बरोबर जाणार होते. कारकुनाचा कागद ह्यांनी भरून ठेवला होता, मालक म्हणून एकच नाव. मी पोहे टाकले होते. तेवढ्यात मास्तर आले. या वेळी ते उंबऱ्यात थांबले नाहीत. आत आले, कोट काढून खुंटीला लावला, आणि रभाजीच्या शेजारी जमिनीवर बसले. मांडी घालून, नीट. आम्ही तिघंही बघतच राहिलो. कोटाशिवाय ते एवढेसे दिसत होते.

"रभाजी," ते म्हणाले, "तुम्ही भंडारा उचलला. आम्ही प्रार्थना केली होती."

मग त्यांनी सांगितलं. लढाईच्या आधी त्यांचं बाजारात पाट्या-पेन्सिलींचं दुकान होतं. भागीदार केरू, लहानपणापासूनचा मित्र, त्यांच्याच ख्रिस्ती मंडळीतला, लिहिता-वाचता न येणारा. दुकान काढायच्या आदल्या रविवारी दोघांनी देवळात शेजारी शेजारी गुडघे टेकले आणि ठरवलं, जे मिळेल ते निम्मं निम्मं. नोंदणी करायची हे मास्तरांना माहीत होतं. अर्जही आणला होता.

"पण केरूपुढं शाई कशी धरू? देवापुढं शब्द दिलेल्या माणसाचा अंगठा कसा घेऊ? आज नको, उद्या. उद्या नको, नाताळ होऊ दे. अर्ज गल्ल्यात पडून राहिला आणि मी वर्षभर त्याच गल्ल्यावर बसून होतो."

पुढं एका व्यापाऱ्यानं शाळांच्या पाट्यांचा मोठा इसार घेतला आणि माल दिलाच नाही. दोघांचं होतं नव्हतं ते त्यात अडकलं. दावा लावला. समोरचा वकील उठला, एकच वाक्य बोलला आणि खाली बसला. फर्म नोंदवलेली नाही, म्हणून दावा चालत नाही. कायदा तसाच होता. दावा फेटाळला गेला.

"केरूला काही कळलं नाही. तो माझ्याकडं बघून म्हणाला, 'मास्तर, तुमी केलं हुतं ना ते कागदाचं?' त्याला वाटत होतं मी केलंय. मास्तर ना मी! वाचणारा मी होतो, रभाजी. अंगठा मागायची लाज मला वाटली, आणि दुकान त्याचं बुडालं." मास्तरांनी खुंटीवरच्या कोटाकडं पाहिलं. "तो भिंगारला राहतो आता. शाळेत घंटा देतो. इथून तासाची वाट. मी रोज दहा कचेऱ्या चालतो, पण तिथं नाही गेलो. तेही राहून गेलं."

माझे पोहे कढईला लागले, वास सुटला, तरी मी उठले नाही. हे पंप पुसायचं फडकं हातात घेऊन नुसते पिळत होते.

रभाजी मास्तरांकडं वळला. मग म्हणाला, "आन् देवाचा आणा? त्यो कागदात कुटं बसतो?"

मास्तर एकदम जागे झाल्यासारखे झाले. "खंडोबाला भागीदार करता येत नाही."

"का?"

"सही कोण करणार? आणि उद्या सरकारची नोटीस आली तर घेणार कोण?"

"पुजारी घेईल की."

ह्यांना हसू फुटलं, मलाही फुटलं, आणि रभाजीलाही. मास्तर मात्र हसले नाहीत. ते विचार करत होते. मग म्हणाले, "असं लिहू. नफा वाटायच्या आधी त्यातला रुपयामागं एक आणा श्री खंडोबाच्या नावानं बाजूला काढायचा, मग राहिलेला दोघांनी निम्मा निम्मा घ्यायचा. म्हणजे देवाला आधी मिळेल आणि नोटीस तुम्हा दोघांनाच येईल."

रभाजीला हे फार पटलं. देवाचं आधी, हे तर बरोबरच होतं. मास्तरांनी कोटातून स्टॅम्प पेपर काढला, माझा पोळपाट मागून घेतला आणि त्यावर कागद ठेवून लेख लिहिला. 'श्री' हे अक्षर त्यांनी वळण देऊन, सावकाश काढलं. येशूची प्रार्थना करणारा माणूस खंडोबाचं कलम इतक्या मायेनं लिहीत होता. ते पाहून मला भरून आलं, आणि त्यात करपलेल्या पोह्यांचा धूर होताच डोळ्यांत.

दुपारी वकिलासमोर दोघांनी सह्या केल्या. मास्तर नेहमीसारखे भिंतीला टेकून उभे. रभाजीची सही मोठी, कागदभर गेली. सही करून तो ह्यांना म्हणाला, "दत्तोबा, आता माज्या नावाला बी घर झालं." ह्यांनी एका नावाचा तो जुना अर्ज खिशातून काढून तिथंच फाडला.

मग वाट बघणं सुरू झालं. अर्ज मुंबईला गेला. मास्तर रोज पोस्टात जाऊन उभे राहायचे. पोस्टमन त्यांना पाहून लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून. आम्हाला धीर द्यायचा सोडून ते आमचाच जीव टांगणीला लावायचे. "पत्त्यात नालेगाव लिहिलं होतं ना मी? ना-ले-गाव?" चंपाषष्ठी जवळ येत चालली. रभाजी गावाहून येऊन-जाऊन दमला. दाखला आला तो अगदी शेवटच्या आठवड्यात. हे तो घेऊन पळतच पुरवठा कचेरीत गेले. परमिट झालं. टायर आले. दोघांनी मिळून आठही सायकलींना ते चढवले, आणि नगरपालिकेचे सायकलकराचे बिल्ले मास्तरांनी स्वतःच्या हातानं तारेनं बांधले.

चंपाषष्ठीला सकाळी दुकान उघडलं. रभाजीनं आठही सायकलींवर भंडारा उधळला. पिवळा धुरळा उडाला, त्यातून मास्तर पुढं आले. कोटावर, टकलावर भंडारा.

"एक सायकल. तासाभरासाठी. पावती द्या."

ह्यांनी पुस्तक उघडलं, नंबर एकची पावती फाडली. मास्तरांनी ती दोनदा वाचली, घडी केली, पण नेहमीसारखी खिशात घातली नाही. हातातच धरली.

"मास्तर, तुम्हाला सायकल येते?" मी विचारलं.

"नाही."

आणि ते सायकल हातानं ढकलत निघाले. आम्हाला वाटलं, पावतीपुरतं चौकापर्यंत जातील आणि फिरतील. पण ते चौक ओलांडून भिंगारच्या रस्त्याला लागले. कोटाचे खिसे दोन्ही बाजूंनी हलत होते. छत्री हँडलला अडकवली होती.

तास झाला, दोन झाले. गिऱ्हाइकं आली, सायकली गेल्या, परत आल्या. रभाजी सारखा रस्त्यावर जाऊन बघायचा. "म्हातारा पडला बिडला तर न्हाई ना कुटं?" मलाही चैन पडेना. जेवणाचा डबा दिला तरी मी घरी गेले नाही. दुकानाच्या फळीवर बसायची, उठायची, पुन्हा बसायची. दुपार उलटली. हे म्हणाले, मी बघून येतो, आणि एका सायकलीवर टांग टाकणार तेवढ्यात रभाजी ओरडला, "ते बघा!"

चौकातून आमची सायकल येत होती. चालवत होता एक काटकुळा म्हातारा, डोक्याला मुंडासं, तोंड उघडं पडलेलं, जोर लावून पायडल मारणारा. आणि मागं कॅरिअरवर, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, शांतवन मास्तर. एका हातानं त्यांनी पुढच्याचा सदरा घट्ट धरला होता. दुसऱ्या हातात ती पावती होती.

त्यानंतरही ते बरीच वर्षं आमच्या समोर राहिले, फिरत राहिले, पुढं वारले. पण मला मास्तर म्हटलं की तेच दिसतात, त्या कॅरिअरवरचे.

सायकल थांबली तशी मी धावत गेले. राग, काळजी, सगळं एकदमच तोंडातून बाहेर पडलं. "मास्तर, तासाभराचं सांगून गेलात! कुठं होता एवढा वेळ? आमचा जीव काय राहिला होता का ठिकाणावर?"

ते खाली उतरले नाहीत. केरूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बसलो होतो, वहिनी."